वैद्यकशाळेचा उंबरठा

उन्हाळा सरतां सरतां परीक्षांचे निकाल लागूं लागले म्हणजे सोलापुरांत घरोघर एकच हिशेब सुरू होतो. कोणास किती गुण मिळाले, कोणाचा किती गुणांनीं हुकला, अमक्याचा मुलगा पुण्यास जाणार कीं येथेंच राहणार, हीच चर्चा. ज्या घरांतील मुलास अथवा मुलीस डॉक्टर व्हावयाचें आहे, पण शाळेंतील मागच्या परीक्षांचे गुण तोकडे आहेत, त्या घरांत तर ह्या हिशेबास सुतकाची कळा येते. दहावीस पंचावन्न टक्के पडले, सबब हें दार जन्माचें लागलें, असें गृहीत धरून कित्येक तरुण निमूटपणें दुसरीकडे वळतात. घरचीं वडील माणसेंही त्यांचें समाधान करतांना म्हणतात, कीं ही रीतच आहे. हुशार मुलांनींच त्या वाटेला जावें.

ही रीत किती जुनी आहे, ती कोणीं पाडली आणि ती सर्वकाळ पाळली गेली काय, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्रांतील वैद्यकशिक्षणाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला असतां आम्हांस असें दिसतें, कीं शाळेच्या परीक्षेचे गुण हा ह्या विद्येचा मूळचा उंबरठाच नव्हे. तो मागाहून बसविलेला आहे. आणि तो बसविल्यावरही बरींच वर्षें त्याच्या शेजारीं एक लहानसें दार मोकळें ठेवलेलें होतें. त्या लहान दारानें आंत गेलेल्या माणसांचीच येथें मुख्यतः आठवण करावयाची आहे.

१८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, तेव्हां मॅट्रिक नांवाची परीक्षाच अस्तित्वांत नव्हती. मुंबई विद्यापीठाचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनीं, १८५७ त झाला आणि पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. म्हणजे ज्या मंडळींनीं आपल्या इलाख्यांत पाश्चात्य वैद्यकाचा पाया घातला, ते डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे सहाध्यायी, ह्यांतील एकही मॅट्रिक झालेला नव्हता. १८५१ त ते ग्रँट कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हां विद्यापीठाची कल्पना कागदावरही धड उतरलेली नव्हती. कॉलेजानें त्यांच्याकडून मागितलें तें इतकेंच, कीं इंग्रजींत दिलेलें व्याख्यान त्यांस कळावें आणि शवच्छेदाच्या खोलींतून पळून न जातां त्यांनीं अभ्यास पुरा करावा. ह्यांतील दुसरी अट त्या काळीं पहिलीपेक्षां कठीण होती. प्रेतास स्पर्श करणारा मुलगा घरांत घ्यावा कीं नाहीं, असा प्रश्न ज्या समाजांत पडे, त्यांत विद्यार्थ्यांची चाळणी करण्याचा प्रसंग येतो कोठून? विद्यावेतनें देऊन विद्यार्थी जमवावे लागत.

पुढें विद्यापीठ स्थिरावलें आणि मॅट्रिकचें माहात्म्य वाढत गेलें. पहिल्या खेपेच्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष होते, हें पाहतां ती परीक्षा निरर्थक होती असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि ती मोजीत असे तें काय, हा प्रश्न उरतोच. सारा कारभार इंग्रजींत. भूमिती येत असली तरी सिद्धांत इंग्रजींत मांडतां आला पाहिजे. इतिहास ठाऊक असला तरी तो इंग्रजींत सांगतां आला पाहिजे. ज्या घरांत इंग्रजी वर्तमानपत्र येत असे त्या घरचा मुलगा आणि ज्याच्या गांवीं इंग्रजी शाळाच नाहीं असा मुलगा, हे दोघे एका बाकावर बसले म्हणजे त्यांच्या बुद्धीची तुलना झाली, असें समजण्याचा प्रघात तेव्हांपासून पडला. सोलापुरास १८६० च्या सुमारास आगगाडी आली, १८७७ त पहिली सूतगिरणी निघाली आणि शहर भराभर वाढलें. पण करमाळा, सांगोला, मंगळवेढें येथल्या विद्यार्थ्यास मॅट्रिकपर्यंत पोंचणें हीच एक यात्रा होती. त्यावर आणखी इंटर सायन्सची पायरी पुढें चढविली गेली, आणि ती चढावयाची म्हणजे कॉलेजाच्या गांवीं बिऱ्हाड करणें आलें.

सरकारास मात्र लवकरच कळून चुकलें, कीं ह्या मोठ्या दारांतून येणाऱ्या मूठभर पदवीधरांवर तालुक्यातालुक्यांतील दवाखाने चालावयाचे नाहींत. पदवीधर डॉक्टर मुंबई सोडून खेड्यांत जाण्यास तेव्हांही राजी नसे. (ह्या बाबतींत काळ फारसा पालटलेला नाहीं.) म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत ग्रँट कॉलेजांतच मराठी आणि गुजराथी ह्या देशी भाषांतून शिकविण्याचे वर्ग सुरू झाले. ह्या वर्गांची परंपरा पुढें पुण्यास आणि अहमदाबादेस गेली. १८७८ सालीं पुण्यास बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल सुरू झालें तें ह्याच हेतूनें. शरीराची रचना, औषधें, जखमा बांधणें, देवी काढणें, साथीचे रोग ओळखणें, बाळंतपण, इतकें ज्ञान घेऊन हॉस्पिटल असिस्टंट तयार व्हावयाचे आणि त्यांनीं तालुक्याचा दवाखाना संभाळावयाचा, अशी ही योजना होती.

पुढें १९१२ सालीं मुंबईस कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षासंस्था स्थापन झाली, आणि अशा मेडिकल स्कुलांतील विद्यार्थी तिची एल्. सी. पी. एस्. ही परवानगी मिळवूं लागले. जुन्या पिढींतील वाचकांस हीं अक्षरें परिचयाचीं असतील. आमच्याकडे गांवोगांवच्या पेठांतून ज्या दवाखान्यांच्या पाट्या असत, त्यांतील पुष्कळांवर हींच अक्षरें असत. पदवीधर मंडळी ह्या वर्गाकडे कांहींशा तुच्छतेनें पाहात. सरकारी नोकरींत त्यांचा पगार कमी, पायरी खालची. पण रात्रीं अपरात्रीं दार ठोठावलें असतां कंदील घेऊन उठणारा डॉक्टर बहुधा ह्याच वर्गांतला असे. ज्यास इंटर सायन्सपर्यंत जाण्याचें बळ नव्हतें, ज्याचे मॅट्रिकचे गुण बेताचे होते, अथवा ज्याच्या बापास पांचसहा वर्षें मुंबईचा खर्च पेलणारा नव्हता, त्यास हें दुसरें दार होतें.

हें झालें पुरुषांविषयीं. स्त्रियांपुढें मोठें दारही नव्हतें आणि धाकटेंही नव्हतें. आणि नेमकें त्यांच्याच बाबतींत, शालेय पात्रता अपुरी असतां वैद्यकशाळेकडे अर्ज करण्याचा मराठी इतिहासांतील सर्वांत ठळक प्रसंग घडला.

आनंदीबाई जोशी ह्यांचें चरित्र महाराष्ट्रास पाठ आहे. काशीबाई कानिटकरांनीं तें एकोणिसाव्या शतकांतच लिहिलें. १८६५ च्या मार्चांत जन्म, नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशांशीं लग्न, चौदाव्या वर्षीं मूल होऊन दहा दिवसांत त्याचा मृत्यु, आणि त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका गोष्टीकडे चरित्रकारांचें लक्ष जितकें जावयास हवें तितकें गेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट अशी, कीं अमेरिकेंतील वैद्यकशाळेकडे अर्ज करतांना ह्या बाईंपाशीं शाळेचा म्हणून दाखविण्याजोगा कागद जवळजवळ नव्हता. मॅट्रिक नाहीं, सलग शाळा नाहीं, नवऱ्याच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा होत राहिल्या, आणि शिक्षण झालें तें मुख्यतः गोपाळरावांच्या हातून, त्यांच्या लहरीनें आणि त्यांच्या धाकानें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांच्या गुणपत्रिकेंत रकानेच कोरे होते.

जाण्यापूर्वीं, १८८३ च्या २४ फेब्रुवारीस, श्रीरामपूर येथील कॉलेजांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें. अमेरिकेसच कां, येथें शिकण्याची सोय नाहीं काय, एकटी कां जाते, धर्म सोडणार काय, असे जे प्रश्न लोक त्यांस विचारीत, त्यांचीं उत्तरें त्यांनीं एकामागून एक दिलीं. मद्रासेचें कॉलेज आणि इतरत्र चालणारे सुइणींचे वर्ग ह्यांची त्यांनीं नांवें घेतलीं आणि तीं साधनें अपुरीं आहेत, तेथें शिकणाऱ्या स्त्रीस अडचणी आहेत, हें स्पष्टपणें सांगितलें. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेंही सांगितलें. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई, ज्यांनीं एका मिशनरी मासिकांत छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून ह्या अनोळखी मुलीशीं पत्रमैत्री जोडली होती, त्यांच्या घरीं त्या राहिल्या.

तेथून २८ जून १८८३ रोजीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ह्या संस्थेच्या कार्यकारी समितीचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स ह्यांस जें पत्र लिहिलें, तेंच त्यांचें प्रवेशपत्र. हें पत्र लिहितेवेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. पत्राचा ओघ पाहण्याजोगा आहे. आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करूं शकणार नाहीं, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां मान्य केलें आहे. आपला प्रसंग असाधारण आहे हें लक्षांत घेऊन समितीनें उदार दृष्टि ठेवावी, अशी विनंती केली आहे. आणि मग, गुणांच्या जागीं, त्यांनीं दुसरा पुरावा पुढें ठेवला. आप्तांचा आणि जातीचा एकजुटीचा विरोध असतां ज्या निश्चयानें मी ह्या देशांत येऊन पोंचलें, तो निश्चय अभ्यास पुरा करण्यासही पुरेल, असा त्यांचा युक्तिवाद. ज्या स्त्रिया पुरुष वैद्यास हात लावूं देण्यापेक्षां मरण पत्करतात त्यांच्याकरितां मला ही विद्या हवी आहे, हें त्याचें कारण.

ह्या पत्रांत दीनवाणेपणा नाहीं, आणि पोकळ आत्मस्तुतीही नाहीं. कमीपणा लपविलेला नाहीं; त्याच्याबद्दल रडगाणेंही नाहीं. जें नाहीं तें नाहीं म्हणून सांगावयाचें, आणि जें आहे तें परीक्षकाच्या डोळ्यांपुढें असें ठेवावयाचें, कीं त्यास तें तोलून पाहणें भाग पडावें, ही रीत अठरा वर्षांच्या मुलीस साधली. आज प्रवेशाकरितां हेतुपत्रें लिहिणाऱ्या आणि लिहून देणाऱ्या मंडळींनीं तें पत्र एकवार वाचावें.

कॉलेजाच्या अधिष्ठात्री राशेल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या विदुषी. त्यांनीं आणि समितीनें ह्या मुलीस घेतलें, शिष्यवृत्तिही दिली. ह्या औदार्याचें श्रेय त्यांस द्यावेंच. पण त्या काळचें अमेरिकेंतील वैद्यकशिक्षण कसें होतें हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. तिकडे मॅट्रिकसारखी सर्वांस लागू अशी एकच चाळणी नव्हती. प्रत्येक कॉलेज आपापल्या मतीनें विद्यार्थी घेई, आणि कित्येक कॉलेजांची मति केवळ फीपुरती चाले. पदवीधरासच वैद्यकांत घ्यावयाचें हा कडक नियम जॉन्स हॉप्किन्सनें १८९३ त घातला, आणि फ्लेक्सनरच्या १९१० मधील अहवालानंतर ढिल्या कॉलेजांची उचलबांगडी झाली. म्हणजे सैल दारानें अनेक नालायकही आंत गेले असतील. तें नाकारण्याचें कारण नाहीं. पण विमेन्स मेडिकल कॉलेजाचा सैलपणा वेगळ्या जातीचा होता. स्त्रियांस इतर बहुतेक कॉलेजांचीं दारें बंद असल्यामुळें तेथील लोकांस पक्कें ठाऊक होतें, कीं कागद नसणें म्हणजे पात्रता नसणें नव्हे. १८८५ सालीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली ह्या तिघी आपापल्या देशांच्या पोशाखांत बसलेल्या आहेत. आपल्या देशांतील नेहमींच्या शाळांच्या वाटेनें ह्यांपैकीं कोणीही त्या खोलींत पोंचली नसती.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस एम्. डी. ही पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाच्या मुख्य म्हणून त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयानें त्यांस अमेरिकेंतच गांठलें होतें. परत आल्यावर तीनचार महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस, पुण्यांत त्यांचें निधन झालें. त्यांनीं एकही रोगी स्वतंत्रपणें तपासला नाहीं, मग त्या प्रवेशाचा उपयोग काय झाला, असें एखादा हिशेबी मनुष्य विचारील. ह्या प्रश्नास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. क्षयाचा जंतु मॅट्रिकचा निकाल पाहून माणूस निवडीत नसतो. ज्यांस फळच पाहावयाचें असेल त्यांनीं त्याच कॉलेजांतून १८९२ त पदवी घेऊन आलेल्या गुरुबाई करमरकरांकडे पाहावें. त्यांनीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षें स्त्रियांची आणि मुलांची शुश्रूषा केली.

अथवा रखमाबाईंकडे पाहावें. बालपणीं झालेलें लग्न नाकारल्यावरून त्यांच्यावर जो खटला झाला, त्यानें १८८४ पासून चार वर्षें सारा देश ढवळून निघाला. त्यांचेंही शिक्षण घरींच, मिशनच्या वाचनालयांतून पुस्तकें आणून झालेलें. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट कॉलेजांत अध्यापक असल्यामुळें घरांत विद्येचें वारें होतें, इतकेंच. १८८९ सालीं, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेंत दाखल झाल्या, आणि परत येऊन सुरतेस व नंतर राजकोटास मिळून तीन तपें त्यांनीं रुग्णालयें चालविलीं. शाळेंत न गेलेली मुलगी डॉक्टर होऊन किती काळ आणि कशी टिकते, ह्याचें उत्तर त्यांनीं आपल्या दीर्घ आयुष्यानें दिलें.

अशा एकटदुकट बायकांच्या साहसावर देशाचें काम चालणारें नव्हतें. १८८५ सालीं लेडी डफरीन ह्यांच्या नांवानें स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा जो फंड निघाला, त्याच्या चालकांस हें कळत होतें. त्यांनीं स्त्री-डॉक्टरांच्या तीन पायऱ्या कल्पिल्या: वरती पूर्ण शिकलेल्या डॉक्टरीणबाई, मधें असिस्टंट सर्जन, खालीं हॉस्पिटल असिस्टंट. मॅट्रिक झालेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतां सर्वांस मॅट्रिकची अट घालणें म्हणजे रुग्णालयें बांधून त्यांस कुलपें लावणें होय, हा त्यांतील व्यवहार. सोलापुरांत डफरीन चौक आणि तेथील डफरीन रुग्णालय हीं नांवें आजही लोकांच्या तोंडीं आहेत. त्या चौकांतून रोज जाणाऱ्या, आणि गुणपत्रिकेची घडी खिशांत असणाऱ्या विद्यार्थ्यास बहुधा ठाऊक नसतें, कीं ज्या फंडाचें नांव त्या चौकास मिळालें तो कमी शाळा शिकलेल्या स्त्रियांस वैद्यक शिकविण्यावरच उभा होता.

सोलापूरचें ह्या इतिहासांतील मुख्य नांव मात्र निराळें आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म येथें १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. वडील गिरणींत नोकरीस, घर मध्यम वर्गाचें आणि भावंडांनीं भरलेलें. ते गेले मोठ्याच दारानें: मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत. ह्या कॉलेजाची कथाही बोधप्रद आहे; अध्यापकवर्ग हिंदी असावा ह्या अटीवर देणगीदारांनीं पैसा दिला, कारण तोंवर हिंदी डॉक्टर कितीही शिकला तरी प्राध्यापकाच्या खुर्चीस अपात्र ठरे. चाळणी केवळ विद्यार्थ्यांसच लागते असें नाहीं.

कोटणीस येथें आठवतात तें त्यांच्या विद्यार्थिदशेकरितां नव्हे, तर ते पुढें शिक्षक झाले म्हणून. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत ते गेले, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यांत होते. इतर परतले, कोटणीस उत्तर चीनच्या डोंगरांत आठव्या मार्ग-सेनेबरोबर राहिले. १९४१ च्या जानेवारींत डॉ. बेथ्यून ह्यांच्या नांवाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि बेथ्यूनच्याच नांवानें चालणाऱ्या वैद्यकशाळेंत ते शस्त्रक्रिया शिकवूं लागले. समोर बसलेले विद्यार्थी कोण? बहुतेक खेड्यांतले तरुण, शेतकऱ्यांचीं मुलें. शाळेचीं चार वर्षें धड झालीं असतील नसतील. शाळेची इमारत म्हणजे गांवकऱ्यांचीं घरें, आणि शत्रु जवळ आला कीं तींही सोडून चालूं लागावयाचें. मुंबई विद्यापीठाच्या नियमांनीं ह्यांतील एकासही आंत घेतलें नसतें. कोटणीसांनीं ह्या लोकांकरितां आधीं स्वतः चिनी भाषा शिकली, त्या भाषेंत व्याख्यानें दिलीं, आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहावयास घेतलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्मारानें त्यांचें निधन झालें तेव्हां वय बत्तीस होतें आणि पुस्तकाचें काम चालूच होतें. अपुऱ्या पूर्वतयारीच्या विद्यार्थ्यास घेतल्यावर शिक्षकावर काय जबाबदारी येते, हें आमच्या सोलापूरच्या ह्या सुपुत्रानें तेथें करून दाखविलें. दार सैल ठेवणें सोपें; आंत आलेल्यास शिकविण्यासाठीं स्वतःची भाषा बदलणें हें अवघड.

इकडे स्वदेशीं त्याच सुमारास लहान दार बंद होऊं घातलें होतें. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीनें १९४६ त आपला अहवाल दिला. त्यांतील आंकडे असे, कीं त्या वेळीं नोंदलेल्या सुमारें साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टरांपैकीं जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट, म्हणजे मेडिकल स्कुलांतून आलेले होते. देशाची दोनतृतीयांश वैद्यकी ह्या दुसऱ्या दारानें आलेल्यांच्या हातीं होती. तरीही समितीच्या बहुमतानें ठरविलें, कीं यापुढें एकाच प्रतीचा डॉक्टर असावा. कांहीं सभासदांनीं भिन्न मत नोंदविलें. इतक्या मोठ्या देशास हें परवडणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. बहुमताचाही हेतु वाईट नव्हता. गरिबास हलक्या प्रतीचा डॉक्टर आणि श्रीमंतास भारी प्रतीचा, हा भेद त्यांस नको होता, आणि ह्या न्यायबुद्धीस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण एकच प्रत ठेवावयाची, तर त्या प्रतीपर्यंत चढण्याची शिडी लहान गांवांतून लावून द्यावयास हवी होती, आणि ती लावण्याची घाई कोणास झाली नाहीं. पुण्याचें बैरामजी जीजीभाई स्कूल १९४६ सालींच कॉलेज झालें, नागपुरासही कॉलेज निघालें. सोलापुरास मात्र डॉ. वैशंपायन ह्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय उभें राहण्यास १९६३ साल उजाडावें लागलें. मधल्या सतरा वर्षांत ज्यांचे गुण बेताचे आणि ऐपतही बेताची, अशा येथल्या किती मुलांनीं हा विचार सोडून दिला, त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं.

त्यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे. तो थोडक्यांत सांगतों. जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिति आल्याबरोबर गुण हा पात्रतेचा पुरावा न राहतां नकार देण्याचें साधन बनला. बारावीच्या अर्ध्या गुणानें आयुष्यें इकडचीं तिकडे झालीं. ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांच्याकरितां १९८० नंतर खाजगी महाविद्यालयांचें तिसरें दार उघडलें, आणि त्याच्या किंमतीविषयीं इतकी ओरड झाली, कीं १९८७ त राज्यास कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढें राज्याची सामाईक परीक्षा आली, आणि आतां देशभर ‘नीट’ नांवाची एकच परीक्षा आहे.

ह्या नव्या व्यवस्थेवर टीका पुष्कळ होते, आणि शिकवणीच्या बाजारानें ती पैशाच्या अधीन केली हा आक्षेप खराही आहे. पण आमच्या मुख्य विषयापुरतें पाहतां तिची एक बाजू बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. दहावीच्या गुणांस तींत कांहींच स्थान नाहीं. बारावीस भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ह्या विषयांची ठरलेली किमान अट पुरी झाली, कीं मागचे गुण तेथें संपतात. पुढचा सारा निर्णय त्या एका परीक्षेच्या क्रमांकावर. ती कितीही वेळां देतां येते, आणि कमाल वयाची अट २०२२ सालीं काढून टाकण्यांत आली आहे. म्हणजे दहावीस पंचावन्न टक्के पडलेल्या ज्या मुलास घरचे लोक रीत सांगून गप्प बसवितात, ती रीत ह्या बाबतींत केव्हांच उरलेली नाहीं. उलट, आनंदीबाईंसारखें पत्र लिहावयाचें म्हटल्यास तें कोणीं वाचावें ह्याची सोयही उरलेली नाहीं. त्यांचें तें पत्र फिलाडेल्फियांत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहांत जपून ठेवलेलें आहे.

येथें क्रमांक न लागलेले पुष्कळ विद्यार्थी आतां रशिया, चीन अशा देशांची वाट धरतात. त्यांसही २०१८ पासून आधीं ‘नीट’ची किमान पात्रता मिळवावी लागते आणि परतल्यावर येथली परीक्षा पुन्हां द्यावी लागते. त्यांच्याकडे समाज ज्या नजरेनें पाहतो ती एल्. सी. पी. एस्. वाल्यांकडे पाहण्याच्या नजरेहून फारशी निराळी नाहीं. उत्तर चीनमधील शिज्याच्वांग शहरांत, जेथें कोटणीसांची समाधि आहे, तेथें १९९२ सालीं त्यांच्या चिनी नांवानें, ‘के दिहुआ’ ह्या नांवानें, एक वैद्यकीय शाळा निघाली. ती विद्यापीठाच्या दर्जाची नाहीं. माध्यमिक शिक्षणाच्या पायरीवरचीच आहे. २०२० सालीं तेथें कोटणीसांचा पुतळा बसविला. नवे विद्यार्थी दाखल झाले म्हणजे ह्या सोलापूरच्या डॉक्टरच्या पुतळ्यासमोर उभे राहून ते शपथ घेतात आणि मग वर्गांत जातात.